अकरा महिने आणि नोटरीचा लाल शिक्का

मे महिना आला, घरं बदलायचे दिवस सुरू झाले, की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो: "करार ११ महिन्यांचाच करा, नोंदणी लागत नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी पुरे. पोलिसांत भाडेकरूची माहिती दिली की झालं. आणि १२ वर्षं राहू देऊ नका, घर त्याचं होतं." खाली धडाधड अंगठे.

यातले ११ महिने अगदीच हवेतून आलेले नाहीत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कापायची युक्ती देशभर चालते. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याचं कलम ५५ महिने मोजत बसत नाही. लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असो की भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

लोक दंडाला घाबरत नाहीत, ठीक आहे. पण त्याच कलमातली पुढची ओळ वाचा: लेखी, नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं पाडायचं तर पुरावा मालकाने आणायचा. आमच्या मामांचा पहिला करार नोटरीचा, पुढची दोन वर्षं सगळं तोंडी. भाडेकरू म्हणाला, दरवर्षी १० टक्के वाढ ठरलीच नव्हती. मामा तो लाल शिक्क्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून ज्याला-त्याला दाखवत होते. नोटरी सह्या कुणी केल्या तेवढं सांगतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाच्या दफ्तरी.

पोलिसांना माहिती जरूर द्या. ती सुरक्षेसाठी असते, कराराशी तिचा काडीचा संबंध नाही.

१२ वर्षांचं भूत १९६३ च्या मुदत कायद्यातून आलंय. पण तिथे घर हातचं जायला ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे लागतो. तुम्हीच किल्ली देऊन, महिन्याचं भाडं घेऊन बसवलेला माणूस त्यात कसा बसेल? उलट नोंदवलेल्या लायसन्सची मुदत संपूनही तो हलला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

राहिला खर्च. २० हजार भाडं, लाखभर डिपॉझिट, ११ महिने. ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे, पण ऑनलाइन स्वतःही करता येतं.

यंदा मामांनी एजंटला घरी बोलावलं. लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र, सगळं डायनिंग टेबलावर. भाडेकरूचं मिनिटात झालं. मामांचा अंगठा काही उमटेना. हात धुतले, टॉवेलला पुसले, चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला.