खुलासा: ब्लूटूथ स्कॅन केल्याने कुणाचा फोन उघडत नाही

‘लिनक्स लॅपटॉपवर ब्लूटूथसीटीएल उघडून स्कॅन ऑन लिहिलं की आसपासच्या सगळ्या फोनमधले फोटो आणि मेसेज दिसतात, म्हणून ब्लूटूथ कायमचं बंद ठेवा,’ असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. लिनक्स ही विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली, ब्लूटूथसीटीएल हा तिच्यातला ब्लूटूथ हाताळायचा प्रोग्रॅम, आणि स्कॅन म्हणजे आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधणं.

ही कमांड कुणीही चालवून पाहावी. पडद्यावर एकेक ओळ येते: ‘न्यू डिव्हाइस’, पुढे अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांचा पत्ता, मग नाव. नाव मिळालं नाही तर तोच पत्ता मध्ये आडव्या रेघा घालून पुन्हा छापला जातो. सोबत सिग्नलची ताकद आणि उपकरणाने स्वतःच जाहीर केलेली थोडी तांत्रिक माहिती दिसते. बस, एवढंच. शेजारचा टीव्ही, कुणाचे इअरबड्स, एखादं घड्याळ. दारावरच्या पाट्या वाचण्यासारखंच हे.

सगळे फोन तर त्यात दिसतही नाहीत. आजकालचे बहुतेक फोन ब्लूटूथची सेटिंग उघडी असतानाच स्वतःचं नाव जाहीर करतात. एरवी दिसलेच तर बहुधा तात्पुरत्या पत्त्याने, आणि तो ठरावीक वेळाने बदलतो. फाइल घ्यायची तर समोरच्याची परवानगी लागते.

धोका अजिबात नाही, असं मात्र नाही. २०१७ मध्ये ब्लूबॉर्न नावाच्या त्रुटी सापडल्या, त्यात पेअर न करताही, म्हणजे उपकरणं एकमेकांशी न जोडताही, हल्ला शक्य होता. पण तो स्कॅनचा प्रताप नव्हता आणि त्यावर अपडेट आले. म्हणून अपडेट टाळू नका, अनोळखी पेअरिंग स्वीकारू नका.

श्रवणयंत्र ब्लूटूथवर वापरणारे आजी-आजोबा असल्या मेसेजने उगाच धास्तावतात. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.