सनस्क्रीन फेकून देण्याआधी

"सनस्क्रीन म्हणजे ट्यूबमधलं विष. ते रक्तात उतरतं, हार्मोन्स बिघडवतं, कॅन्सर करतं. म्हणूनच अमेरिकेने त्यावर बंदी घातली. समुद्रातले प्रवाळही त्यानेच मेले. आजपासून फक्त खोबरेल तेल लावा."

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन कचऱ्यात टाकलं. तिच्या गालांवर वांग आहेत. मे महिना संपेपर्यंत ते पुन्हा गडद झाले. म्हणून हा मेसेज वाक्यावाक्याने तपासायचं मी ठरवलं.

"अमेरिकेने बंदी घातली." बंदी हवाई या एका राज्यात आहे. 2018 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2021 पासून तो लागू झाला. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेलं सनस्क्रीन तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. कायदा झाला तो प्रवाळांसाठी. झिंक ऑक्साइडसारख्या खनिजांची सनस्क्रीन्स तिथे दुकानात सर्रास मिळतात.

"रक्तात उतरतं." हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये 24 जणांच्या अंगाच्या 75 टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस सनस्क्रीन लावून रक्त तपासलं. तपासलेली रसायनं दर मिलिलिटरला 0.5 नॅनोग्रॅम या मर्यादेच्या वर निघाली. मेसेज इथेच थांबतो. पण ही मर्यादा धोक्याची रेषा नव्हे. तिच्या वर गेलेल्या रसायनाच्या सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या व्हाव्यात, एवढाच तिचा अर्थ. सनस्क्रीन वापरणं थांबवू नका, असं संशोधकांनीच त्याच अहवालात लिहिलंय. त्याच वर्षी प्रशासनाने 12 रसायनांबद्दल आणखी माहिती मागितली. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही दोन खनिजं मात्र सुरक्षित धरायचा प्रस्ताव मांडला.

"हार्मोन्स बिघडवतं." ही शंका मुळात उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. त्यांना ऑक्सिबेन्झोन भरपूर प्रमाणात खाऊ घातलं होतं. चेहऱ्याला लावायचं क्रीम आणि पोटात गेलेला तो डोस यांची तुलना होत नाही. तरी युरोपने सावधगिरी म्हणून मर्यादा आणल्या: चेहऱ्याच्या क्रीममध्ये ऑक्सिबेन्झोन 6 टक्क्यांपर्यंत, अंगभर लावायच्या क्रीममध्ये 2.2 टक्के. मला हे पटतं. ज्याला पर्याय आहे, ते रसायन टाळलेलं बरं.

"कॅन्सर करतं." ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात 1,621 लोकांवर वर्षानुवर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या गटात मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कॅन्सर 11 जणांना झाला. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या गटात 22 जणांना. आपल्या सावळ्या कातडीत त्वचेचा कॅन्सर मुळातच कमी आढळतो, त्यामुळे आपल्याला सनस्क्रीनचा मोठा उपयोग वांग आणि काळे डाग रोखण्यासाठी. कोड असलेल्यांना तर ते लागतंच.

आता प्रवाळ. इथे मेसेजमध्ये तथ्य आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ऑक्सिबेन्झोनमुळे प्रवाळांच्या अळ्या वेड्यावाकड्या वाढतात, त्यांच्या डीएनएला इजा होते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्यामागचं एक कारण शोधलं. प्रवाळांचा भाऊबंद असलेला समुद्रफूल हा जीव ऑक्सिबेन्झोनला साखर जोडतो आणि त्यातून उन्हात विषारी होणारा पदार्थ तयार होतो. त्याच्या अंगात राहणारं शैवाल हे विष स्वतःत साठवून त्याला वाचवतं. शैवाल नसलेले, पांढरे पडलेले जीव लवकर मेले. म्हणजे उष्णतेने आधीच खंगलेल्या प्रवाळाला हे रसायन जास्त बाधणार.

पण "त्यानेच मेले" हे खोटं आहे. जगभर प्रवाळ पांढरे पडतात ते मुख्यतः समुद्र तापल्यामुळे. आपल्या मालवणच्या प्रवाळांचं पांढरं पडणं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी 2014 ते 2019 या काळात तापमानाशी जोडून नोंदवलं आहे. मालवणला स्नॉर्कलिंगच्या होडीच्या शिडीपाशी मी पाण्यावर तेलकट, इंद्रधनुषी साय पाहिली आहे. त्यात आमच्या अंगावरचं क्रीम किती आणि इंजिनाचं तेल किती, कोण सांगणार! तेव्हापासून मी पाण्यात पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालूनच उतरते. क्रीम फक्त चेहऱ्याला, तेही अर्धा तास आधी. "रीफ सेफ" या शिक्क्यावर विसंबत नाही, कारण त्याची सर्वमान्य व्याख्याच नाही; लेप नसलेले झिंकचे अतिसूक्ष्म कणही प्रवाळांना बाधतात.

"खोबरेल तेल लावा." प्रयोगशाळेत त्याचा एसपीएफ, म्हणजे उन्हाने भाजण्यापासून किती वाचवतं याचा आकडा, फार तर सात-आठ भरला आहे. वांगाला ते पुरत नाही.

मावशीने गेल्या आठवड्यात नवी ट्यूब आणली. मागची बारीक अक्षरं फोनवर मोठी करून आम्ही दोघींनी वाचली. ऑक्सिबेन्झोन तिथे बऱ्याचदा "बेंझोफिनोन-3" या नावाने लपलेलं असतं. या ट्यूबवर ते नव्हतं. झिंक ऑक्साइड होतं, आणि आयर्न ऑक्साइडही. डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वांग गडद होतात. तो अडवायला आयर्न ऑक्साइडचा हा तपकिरी रंग लागतो.