स्वेटरपेक्षा चादर द्या

गोव्यात थंडी पडतेच कुठे, मग रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी कपडे गोळा करायचं हे काय नवीन, असं आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. हे कपडे गोळा करणारी फोंड्याची कॉलेजातली पोरं आहेत, एनएसएसची म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, आणि त्यांचं काम मी जवळून बघितलंय म्हणून राहवत नाही.

थंडी पडते हो. जत्रेतलं नाटक बघायला रात्री जाताना शाल, मफलर कोण घेऊन जातं? आपणच ना! पणजीत जानेवारीत रात्रीचा पारा 20 च्या आसपास येतो, सत्तरी-सांगेकडे त्याहून खाली. घरात गादीवर झोपणाऱ्याला ते छान वाटतं. पण बसस्टँडच्या उघड्या फरशीवर माणूस झोपला की अंगातली ऊब ती फरशी ओढून घेते, म्हणजे थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते, त्यात पहाटेचं दंव पडून अंगावरचं होतं नव्हतं ते ओलसर होतं. वय झालेलं, पोटात धड जेवण नाही, अशा माणसाला आपला हा गुलाबी गारवासुद्धा आजारी पाडतो.

ह्या पोरांचं मला सगळ्यात काय पटलं तर गोळा करायच्या आधी ती विचारायला गेली. रात्री जेवणं झाल्यावर बाजारात, बसस्टँडवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर. पणजीला मीही त्यांच्याबरोबर होते. एक आजी होत्या, विजापूरकडच्या, कित्येक वर्षं बिल्डिंगच्या कामावर डोक्यावरून घमेली वाहिलेली, कंबर गेली तसं काम सुटलं आणि खोलीही सुटली. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, आजी स्वेटर आणून देऊ का? तर त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, बेटी, स्वेटर दिवसा ठेवू कुठे? एवढंच. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी, बंद तुटलेला, गाठ मारून खांद्याला अडकवलेली. सकाळी दुकानदार शटर उघडायच्या आत सगळं उचलायचं, जे त्या पिशवीत मावेल ते आपलं, मागे ठेवलं तर झाडलोटीत जाणार. जाड लोकरीचा स्वेटर घातला तर दुपारी उकडून जीव जातो, काढला तर तो एकटाच पिशवी भरून टाकतो. आपण घरात बसून हा विचार करूच शकत नाही बघा, कारण कपाट नसणं काय असतं ते आपल्याला माहीतच नाही.

मग पोरांनी यादीच बदलली. सुती चादरी, खाली घालायला प्लास्टिकची घडीची चटई, फुल बाह्यांचे शर्ट, लुंग्या, मोजे, माकडटोप्या. चादर असली की डासांपासूनही वाचतो माणूस आणि धुतली तर दोन तासात सुकते. जुन्या सुती साड्या आल्या त्या बचत गटातल्या बायकांना दिल्या, त्यांनी दोन-दोन साड्यांच्या पातळ गोधड्या शिवल्या, मऊसूत, घडी केली की उशीएवढी.

आणि आलेल्या ढिगातून किती टाकावं लागलं म्हणून सांगू. उसवलेलं, बटणं नसलेलं, न धुतलेलं. कृपा करून असं करू नका. जुने कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी गूंज संस्था अंशू गुप्तांनी 1999 ला सुरू केली, 2015 ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्याकडे आलेला प्रत्येक कपडा निवडून, लागला तर दुरुस्त करून, कुणाला काय उपयोगाचं ते बघून पुढे जातो. तीच पद्धत ह्या पोरांनी आपल्या परीने लावली. वाटताना फोटो काढायचा नाही असंही आपसात ठरवलं, आणि पाळलं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. चादर फेब्रुवारीपर्यंत कामी येईल, पण छप्पर नाही हा प्रश्न तसाच राहतो आणि तो पोरांनी कितीही गोधड्या दिल्या तरी सुटणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त बेघर मोजले गेले. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राची जी योजना आली होती तिचा नियम असा होता की शहरातल्या दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची कायमची सोय हवी, चोवीस तास, माणशी 50 चौरस फूट जागा. आपल्या गोव्यात 2011 ला शहरी लोक 9 लाखांच्या वर होते. म्हणजे त्या नियमाने जवळपास 900 जणांची सोय व्हायला हवी. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को, प्रत्येक ठिकाणी नगरसेवकाला विचारा की आपल्या वाट्याची किती आणि कुठे. एनएसएसच्या पोरांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं, त्यातले थोडे तास हे विचारण्यात गेले तर मला ते कपडे वाटण्याइतकंच मोलाचं वाटेल. पोरांनी अर्ज लिहायला घेतलाय, मी सही करणार आहे, आमच्या वाड्यातल्यांनीही करावी.

आणि कपाट उघडाल तेव्हा सुती चादरी, पुरुषांचे फुल शर्ट आणि चांगल्या पिशव्या आधी बाजूला काढा. पिशव्या नक्की, बंद मजबूत असलेल्या. धुऊन, वाळवून, घडी करून. रविवारी सकाळी पोरं वाड्यावर येतायत, ज्यांना शक्य नाही त्यांनी मला मेसेज करा, मी घरी येऊन घेऊन जाईन.