टक्कल अजून इतिहासजमा झालेले नाही

घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांपासून वाशी-खारघरपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. हार्मोनमुळे पडणाऱ्या टकलावर अखेर औषध सापडले असून त्याने केस ५३९ टक्के वाढतात, असे त्यात म्हटले आहे. पुढचे दावेही तितकेच ठाम आहेत: ते हार्मोनला हात लावत नाही, त्याचा दुष्परिणाम शून्य आहे, त्याने मेलेली मुळे जिवंत होतात, आपल्याकडच्या टँकरच्या पाण्याने गेलेले केसही परत येतात, जुन्या गोळ्या आजच बंद कराव्यात आणि हे औषध ठाणे-वाशीत खात्रीने मिळते. खाली जोडीला आधी-नंतरची छायाचित्रे आहेत. मी ठाण्यात औषधाचे दुकान चालवतो, त्यामुळे हा संदेश मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरणारे ग्राहक मला रोज भेटतात. संदेशातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी खरे संशोधन आहे, म्हणून त्याला हसून वाटेला लावणे बरोबर ठरणार नाही.

५३९ हा आकडा खरा आहे, आणि नेमका त्यामुळेच तो अधिक फसवतो. कॉस्मो या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्लॅस्कोटेरॉन या डोक्यावर लावायच्या औषधाच्या पाच टक्के द्रावणाच्या दोन मोठ्या चाचण्यांचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. दोन्ही चाचण्यांत मिळून १,४६५ पुरुष होते. डोक्याच्या ठरावीक भागात केसांच्या संख्येत झालेली वाढ निष्क्रिय, म्हणजे औषध नसलेला, द्रव लावणाऱ्यांच्या तुलनेत एका चाचणीत ५३९ टक्क्यांनी आणि दुसरीत १६८ टक्क्यांनी अधिक भरली. संदेशात ‘तुलनेत’ गळाले आणि १६८ तर आलेच नाही. केवळ समजण्यासाठी असे धरू, की निष्क्रिय द्रवाने एक चौरस सेंटीमीटरमध्ये दोन केस वाढले. त्याहून ५३९ टक्के अधिक म्हणजे सुमारे तेरा केस, आणि १६८ टक्के अधिक म्हणजे पाचाहून थोडे जास्त. त्याच जागेत आधीचे शंभरेक केस असतील, तर शंभराचे एकशे तेरा होणे ही वैद्यकाच्या दृष्टीने चांगली बातमी आहे, पण शंभराचे सहाशे होणे ही निव्वळ कल्पना आहे. एकाच औषधाच्या, सारख्याच उद्देशाने केलेल्या दोन चाचण्यांत हा आकडा तिपटीहून अधिक बदलतो, यावरूनच लक्षात यावे की भागाकारात छेद लहान असला की टक्केवारी फुगते. कोणत्याही औषधाबद्दल असा आकडा समोर आला, तर प्रत्यक्ष किती केस वाढले, एवढेच विचारावे.

हे औषध हार्मोनला हात लावत नाही, हे विधान तर मुळातच उलटे आहे. आनुवंशिक टकलात टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या मदतीने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन म्हणजेच डीएचटी तयार होते. हे डीएचटी केसांच्या मुळांतील ग्राहींना (हार्मोनचा संदेश घेणाऱ्या रेणूंना) चिकटते आणि दर चक्रात केस अधिकाधिक बारीक व आखूड होत जातो. फिनास्टेराइडची गोळी डीएचटीचे उत्पादनच घटवते, तर क्लॅस्कोटेरॉन त्वचेतल्या त्या ग्राहींची जागा अडवून बसते. म्हणजे तेही हार्मोनविरोधीच औषध आहे. फरक एवढाच, की ते डोक्यावर लावायचे असते आणि रक्तात पोहोचल्यावर लवकर विघटित होते. त्यामुळे दुष्परिणाम कमी असण्याची अपेक्षा रास्त आहे, आणि चाचण्यांत ते निष्क्रिय द्रवाच्या जवळपासच राहिले, असे कंपनी सांगते. पण त्याचा अर्थ शून्य असा होत नाही. याच औषधाच्या एक टक्का मलमाला अमेरिकेत ऑगस्ट २०२० मध्ये मुरमांसाठी मंजुरी मिळाली, आणि त्याच्या माहितीपत्रकात त्वचेच्या जळजळीबरोबरच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे कार्य मंदावण्याचाही इशारा आहे. टकलाच्या या दोन्ही चाचण्या केवळ पुरुषांवर झाल्या असल्याने संदेशातला ‘स्त्री-पुरुष दोघांसाठी’ हा शेराही निराधार आहे. स्त्रियांत केस विरळ होण्यामागे थायरॉइड, लोहाची कमतरता, पीसीओएस हा बीजांडकोशांचा विकार किंवा बाळंतपण अशी कारणे असू शकतात. त्यांची आधी तपासणी व्हायला हवी.

मेलेली मुळे जिवंत होण्याची गोष्ट दुसऱ्याच औषधाची आहे. पीपी४०५ हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेले रसायन केसांच्या मूळपेशींच्या ऊर्जाव्यवहारात बदल करून त्यांना जागे करू पाहते. २०२५ मध्ये ७८ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यानुसार केसगळती अधिक असलेल्या पुरुषांपैकी ३१ टक्क्यांत आठ आठवड्यांनंतर केसांची घनता २० टक्क्यांहून अधिक वाढली, आणि निष्क्रिय द्रव लावणाऱ्यांत असा एकही नव्हता. हे उत्साह वाढवणारे आहे, मीही त्याकडे लक्ष ठेवून आहे. पण ७८ माणसे म्हणजे फार थोडी. शिवाय या मूळपेशी मेलेल्या नसतातच. टकलाच्या त्वचेतही त्या शिल्लक असतात, असे अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्येच दाखवले होते. २०२४ साली गाजलेली डीऑक्सिरायबोज साखरेची जेलही संदेशात ओझरती येते. शेफील्ड विद्यापीठ आणि पाकिस्तानातील संशोधकांचा तो प्रयोग उंदरांवरचा होता.

छायाचित्रांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यांत सुरुवातीला गोल, गुळगुळीत चकत्या दिसतात आणि काही महिन्यांनी तिथे दाट केस. ही लक्षणे चाईची आहेत. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि तिच्यासाठी बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्यांना २०२२ पासून मंजुरी आहे. हार्मोनच्या टकलासाठी ती मंजुरी नाही.

पाण्याचा मुद्दा आमच्या भागात सर्वांना पटतो, कारण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाला त्या पाण्याबद्दल काहीही वाईट सांगितले तरी खरेच वाटते. क्षारयुक्त पाण्याने केस रखरखीत होतात, हे मान्य. पण आनुवंशिक टक्कल कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि टाळूवर पडते. कानांवरचे आणि मानेलगतचे केस शाबूत राहतात. अंघोळीचे पाणी तर त्या केसांवरूनही तेवढेच वाहते. मागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत, म्हणूनच केशरोपणात ते पुढे आणून लावले तर टिकतात.

आता सर्वांत घातक वाक्याकडे येतो: जुन्या गोळ्या आजच बंद करा. १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मंजूर झालेली फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी घेत असेपर्यंतच काम करते. ती थांबवली की कमावलेले केस साधारण वर्षभरात जातात. मिनॉक्सिडिल हे टकलावरचे दुसरे जुने औषध थांबवले तर तीन-चार महिन्यांतच. हाती नसलेल्या औषधाच्या आशेवर जो आज उपचार सोडेल, तो नवे औषध बाजारात येईपर्यंत त्याचा उपयोग होण्याजोगे केसच गमावून बसलेला असेल. या गोळ्यांविषयीची भीती मात्र खोटी नाही. काही पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात, आणि युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. मन खचल्यासारखे वाटू लागले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे. तो निर्णय लक्षणांवरून घ्यायचा असतो. पन्नाशीनंतरच्या पुरुषांनी प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीआधी ही गोळी चालू असल्याचे सांगितलेच पाहिजे, कारण तिच्यामुळे तो आकडा जवळजवळ निम्मा दिसतो.

उरला खात्रीचा दावा. कंपनीने आपले निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतही टकलासाठीच्या मंजुरीचा अर्ज दाखल व्हायचा होता. मग ठाण्या-वाशीत ‘तेच औषध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत काय आहे, हे विकणाऱ्याला लेखी विचारावे. परवाना क्रमांक, घटकांची नावे आणि प्रमाण, उत्पादकाचा पत्ता यांपैकी एक जरी लेबलवर नसेल, तर ती घेऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये परस्पर मिसळून विकल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या द्रावणांबद्दल इशारा दिला, तेव्हा २०१९ ते २०२४ या काळातल्या ३२ तक्रारी त्यांच्याकडे जमा होत्या. आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’मध्ये टकलाचा समावेश आहे, आणि त्या यादीतले विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. अशी बाटली कुणाला मिळाली असेल, तर ती न उघडता पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवता येते.