तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: ते दोन दिवस आम्ही का आलो नाही

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, नीट झोप लागली नाही. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. अंगणात खिळे राहिले ही आमचीच चूक, घरात लहान मूल आहे हे माहीत असताना निघण्याआधी लोहचुंबक फिरवायला पाहिजे होतं, ते राहून गेलं, त्याला मी काही कारण देत नाही.

पण तुम्ही लिहिलंय की ‘छपराच्या कडेच्या फळ्या बदलायला तीन दिवस सांगून आठ दिवस लावले, मधे दोन दिवस कुणी फिरकलंच नाही, अ‍ॅस्बेस्टॉसची भीती घातली आणि शेवटी निघालं काहीच नाही’. यातलं दोन दिवसांचं वाक्य मला फार लागलंय ताई. माझं काम सगळं लोकांनी लोकांना सांगून येतं, हे वाचून कुणीही म्हणेल की हा माणूस घर उघडं टाकून पळतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

पहिल्या दिवशी समोरची फेशिया उतरवली, म्हणजे ती उभी फळी जिच्यावर पन्हळ बसते. बाहेरून रंग एकदम ठीक होता, तुम्हीच म्हणालात की दोन वर्षांपूर्वीच रंगवलीय. मी तुमच्यासमोर त्या रंगावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर पण नाही लावला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक, आत सगळा ओला भुसा. कौलांखालचा जुना डांबरी कागद कडेला फाटला होता त्यामुळे पाणी पन्हळीत पडायच्या ऐवजी फळीच्या पाठीमागून उतरत होतं, किती वर्षं देव जाणे. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर राहायला लागला की बुरशी धरते, आणि त्या मागच्या बाजूला ना ऊन ना वारा, ते सुकणार कधी. फळी निघाली तेव्हा चार वाशांची टोकंही गेलेली दिसली. हे खालून किंवा शिडीवरून कळत नाही, आणि कोटेशनमध्ये मी ‘वासे खराब निघाल्यास काम वाढेल’ असं लिहिलं होतं, तुमची सही आहे त्यावर.

जुन्या फळीवरूनच प्लॅस्टिकचं कव्हर चढवून दिलं असतं तर तीन दिवसांत नक्की झालं असतं आणि दिसायलाही छान दिसलं असतं. असं करून देणारे आहेत, मी नाही करत. आत कूज तशीच चालू राहते आणि पाण्याने भरलेल्या पन्हळीचं वजन त्या भुशावर किती दिवस टिकणार. आम्ही वासे चांगलं लाकूड लागेपर्यंत कापले, बाजूने नवीन लाकूड बोल्टने जोडलं, कापलेल्या तोंडांना कुजू नये म्हणून औषध पाजलं, त्यात दोन दिवस गेले. एक दिवस पावसात गेला, त्याबद्दल तुम्हीही तक्रार केली नाही.

आता ते दोन दिवस. चौथ्या दिवशी समोरचं आटपून दुपारी मागच्या बाजूला परांची लावली. तिथे वळचणीखाली सॉफिटला, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेला खालून जे झाकण असतं त्याला, लाकूड नव्हतंच, राखाडी रंगाच्या गुळगुळीत सिमेंटसारख्या शीट होत्या, जुन्या, रंगाचे थर चढलेल्या. अशी शीट साधी आहे का अ‍ॅस्बेस्टॉसची हे डोळ्यांनी बघून कुणालाच सांगता येत नाही, मी इतकी वर्षं हे काम करतोय, मलाही नाही येत. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखालीच कळतं. न फुटता जागच्या जागी असेल तर सहसा धोका नसतो पण तोडली, ड्रिल मारलं, करवत चालवली की बारीक तंतू उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार दिसायला २०-३० वर्षं जातात, तेव्हा कुणाला विचारणार? तिथे तुमच्या घरातल्या काकांनी खाली उभं राहून म्हटलं, ‘अहो आम्ही जन्म काढला याखाली, काढा ओढून’. काकांबद्दल मला आदर आहे, पण वर माझा पोरगा हातोडा घेऊन उभा होता, २२ वर्षांचा आहे तो, आणि तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्या खाली उघडी होती. मी काम थांबवलं. ती जागा पाण्याने ओली केली, मास्क लावून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा काढला, दोन पिशव्यांत बंद केला, भोकावर टेप मारली आणि त्याच संध्याकाळी तपासणीला दिला.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी दुसरीकडे काम धरलं नाही, पोरांना घरी बसवून मजुरी दिली, आणि तपासणीचे पैसे तुमच्या बिलात एक रुपयाही लावलेले नाहीत, बिल काढून बघा. रिपोर्टमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही निघालं. मला वाचून हायसं वाटलं, तुम्हाला वाटलं की आम्ही वेळ काढला. ताई, निघालं असतं तर? तसली शीट पुन्हा दिसली तर मी पुन्हा थांबणार, कुणी एक स्टार दिला तरी.

माझी चूक इथे झाली की काकांना सांगितलं म्हणजे घरात सांगितलं असं मी धरून चाललो. तुम्ही ऑफिसमध्ये होतात, तुम्हाला वेगळा मेसेज टाकायला पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी दोनदा फोन केला होता, उचलला गेला नाही, मीटिंग वगैरे असेल, पण मेसेज मी टाकला नाही हे खरंच आहे. आता इथून पुढे असं काही झालं की ज्यांनी काम दिलंय त्यांना लिहून कळवायचं असं ठरवलंय, आणि साफसफाईकडे पण जरा जास्त लक्ष देऊ.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाहीत. जुन्या शीटना हवेसाठी एकही भोक नव्हतं. नवीन सॉफिटला आम्ही कडेने पूर्ण लांबीची जाळी दिलीय, १० मिलिमीटरची फट, म्हणजे छपराखाली वारा खेळेल आणि किडे-पाखरं आत शिरणार नाहीत. माळ्यावरचा दमट वास कमी झाला असं काका स्वतः मला म्हणाले. त्याचा एक शब्द असता तर बरं वाटलं असतं, असो.

कोपऱ्यातून पाणी ठिबकतंय म्हणालात ते पन्हळीच्या जॉइंटमधलं रबर सरकलं असणार. प्लॅस्टिकची पन्हळ उन्हात वाढते, थंडीत आखडते, पहिल्या काही महिन्यांत कधी कधी होतं असं. उतार बरोबर आहे, तीन मीटरला १० मिलिमीटर दिलाय, लेव्हल लावून मीच तपासलाय. शनिवारी सकाळी शिडी घेऊन मी स्वतः येतो, त्याचे काही पैसे नाहीत. येताना लोहचुंबक पण आणतो, अंगण पुन्हा एकदा फिरून बघतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, खिळ्यांचं राहू द्या, फक्त ‘कुणी फिरकलंच नाही’ त्यापुढे रिपोर्टची वाट बघत होते एवढं जोडलंत तर उपकार होतील. शनिवारी नऊला चालेल का ते कळवा, मी तुम्हाला मेसेजही टाकलाय.