हिस्साच नाही, तर बहिणीची सही कशाला?

आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्याच सुमारास खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: १९९४ आधी लग्न झालेल्या बहिणींचा बापाच्या जमिनीत हिस्सा नसतो, तरी सातबारा मोकळा राहावा म्हणून हक्कसोडपत्रावर त्यांची सही घ्या, स्टॅम्पपेपर आणि नोटरी पुरे, इंग्रजीत ह्याला ‘रिलिंक्विश’ म्हणतात, म्हणजे नुसतं नाव कमी करणं. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि त्यावर विसंबून सही करणाऱ्या बाईचं नुकसान कायमचं असतं.

आधी त्या इंग्रजी शब्दाचं बघू, कारण सगळी दिशाभूल तिथूनच सुरू होते. ‘रिलिंक्विश’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचं मूळ लॅटिन ‘रेलिंक्वेरे’, म्हणजे मागे टाकून जाणं. ओस पडलेल्या वास्तूला लावतात तो ‘डेरिलिक्ट’ ह्याच कुळातला. हातात आहे ते सोडणं, हा त्याचा अर्थ. नाव कमी होणं हा सोडण्याचा परिणाम झाला. जे मुळात आपलं नाही ते सोडता येत नाही. बहिणीचा हिस्साच नसेल तर तिला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला का नेतात? सही लागते याचाच अर्थ हक्क आहे.

१९९४ चं खूळ मात्र अगदी हवेतून आलेलं नाही. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. लोकांच्या डोक्यात तेच राहिलं. पुढे ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली, तिच्यात लग्नाची अट नाही. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात संपवला: तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी मोडत नाही. आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीला तर हा घोळ लागूच नाही. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या मूळ हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगी मुलाबरोबरीची वारस आहे.

नोटरीचं म्हणणं सरळ चूक. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. तिथे बाईचा फोटो निघतो, मशीनवर अंगठा उमटतो, दस्त कबूल आहे का असं विचारतात. मागे भाऊ उभा, बाहेर जीप थांबलेली, घरी पुरणाचा स्वयंपाक वाट बघतोय. त्या घाईत ‘हो’ म्हणण्याआधी दस्तातला गट नंबर आणि क्षेत्र तिला कुणी वाचून दाखवलेलं असतं का? कितीतरी जणी शेवटपर्यंत समजतात की आपण वारसनोंदीवर सही केली. तलाठ्याकडच्या फेरफारावर सही केल्याने मात्र मालकी जात नाही. ती नोंद महसुलासाठी असते. हे दोन कागद वेगळे, हे प्रत्येक बहिणीला ठाऊक असायला हवं.

राजीखुशीने हिस्सा सोडणाऱ्या बहिणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो त्यांचा अधिकार आहे, त्याला माझा काडीचा विरोध नाही. चीड येते ती ‘तुझं काही नाहीच’ असं सांगून सही घेण्याची.

मेसेजमध्ये एक गोष्ट साफ गाळलेली आहे. नंदुरबार, शिरपूर, साक्रीकडच्या भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही. त्याच्या कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. त्यामुळे वरच्या तारखा त्यांना जशाच्या तशा लावता येत नाहीत. तिथल्या लेकींनी आपल्या जमातीचे खटले पाहिलेला वकील गाठावा.

आणि फसवून सही घेतली गेली असेल, तर भावाने तोंडी ‘रद्द समज’ म्हटल्याने नोंदलेला दस्त रद्द होत नाही. दिवाणी कोर्टातच जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. त्यासाठी आधी दस्ताची नक्कल आणि इंडेक्स दोन, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, काढून घ्या.