मोजे तोफेला, शिवण तुम्हाला
समजा, साल 1942 आहे, दुसरं महायुद्ध चालू आहे, तुम्ही अमेरिकेत राहता आणि कपाटात नायलॉनच्या स्टॉकिंग्जची, म्हणजे लांब तलम मोज्यांची, शेवटची जोडी उरली आहे. काढा बाहेर, युद्धासाठी सरकारला द्या. तुम्ही पाय झाकून बसलात तर पॅराशूटवाल्याने कशाला धरून लोंबकळायचं? 15 मे 1940 रोजी याच मालासाठी देशभर दुकानांपुढे झुंबड उडाली होती, ते आता विसरा. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नायलॉन पॅराशूटकडे, ग्लायडर ओढायच्या दोरांकडे आणि टायरच्या आतल्या दोऱ्याकडे वळलं.

जुन्या रेशमी जोड्याही द्या. जपानी रेशीम 1941च्या उन्हाळ्यातच बंद झालंय. धागा सुटून उभी रेघ पडलेली, अंगठ्याशी भोक पडलेली, सगळी चालतात. फक्त धुऊन द्या. युद्धनौकेच्या 16 इंची तोफेत गोळ्यामागे दारूच्या सहा पिशव्या सारतात, एकेक 50 किलोच्या आसपास. पिशवीचं कापड नीट जळलं नाही तर चिंधी आत धुमसत राहते आणि पुढची पिशवी आत सरकवतानाच पेट घेते, तोफेमागच्या पोरांसकट. रेशीम पार जळून जातं. तेव्हा तुमच्या मोज्यांचं काहीही उरणार नाही, याची सरकारला पक्की खात्री आहे.

बदल्यात रेयॉन मिळेल. गुडघ्याशी त्याचा झोळ होतो. ओलं झालं की ताकद निम्म्यावर येते, म्हणून धुताना पिळू नका, आणि घाईने पायात चढवू नका. पुरतं वाळायला दिवस-दोन दिवस लागतात. तोवर घरात बसा.

नाहीतर पाय रंगवा. आधी पायांवरचे केस काढा, नाहीतर रंग त्यांच्या मुळाशी साचून ठिपके दिसतात. मग रंग घोट्यापासून वर, भराभर, एका दमात लावा. मध्ये थांबलात की पट्टा उमटलाच. वाळेपर्यंत पायावर पाय टाकायचा नाही. पाऊस टाळा. झग्याचा काठ आणि रात्रीची चादर मात्र वाचणार नाहीत. (इंग्लंडातल्या बायका रश्श्याला रंग आणायची पूड पायाला फासतात. गल्लीतली कुत्री मागे लागली तर दोष कुत्र्यांना देऊ नये.)

आता खरी कसोटी. स्टॉकिंग सपाट विणून मागे शिवतात, म्हणून पोटरीवरून शिवण जाते. तुमच्याकडे मोजा नाही, पण शिवण हवीच, नाहीतर लोकांना कळेल की मोजा नाही! भुवयांची पेन्सिल घ्या, टाचेपासून वर सरळ रेघ ओढा. स्वतःच्या पोटरीमागे सरळ रेघ स्वतः ओढता येत नाही, मैत्रीण बोलवा. तीही पाय रंगवून वाळत बसली असेल तर त्यावरही जुगाड निघालंय: स्क्रू-ड्रायव्हरची मूठ, सायकलवाले विजारीला लावतात ती चाप आणि पुढे पेन्सिल. चाप पोटरीला बेतून धरा नि वर ओढा. हात हलला तर शिवण वाकडी येते आणि पायच वाकडा दिसतो.

ऑगस्ट 1945मध्ये नायलॉन बनवणाऱ्या ड्यूपॉन्ट कंपनीने नायलॉन पुन्हा स्टॉकिंग्जकडे वळवत असल्याचं जाहीर केलं. म्हणून रंगाची बाटली लगेच फेकू नका. जून 1946मध्ये पिट्सबर्गला 13,000 जोड्या विकायला आल्या आणि रांगेत 40,000 माणसं उभी राहिली. जाताना पर्समध्ये पेन्सिल असू द्या. नंबर 13,001 वा लागला तर मागच्या बाईकडून रांगेतच रेघ मारून घेता येईल.